चार ओळी खाली

मागच्या आठवड्यात ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं मला विचारलं, "मॅडम, हा कंस कुठं मिटवायचा?" प्रश्न साधा होता, उत्तरही साधं होतं. मी मात्र "आलेच हं" म्हणून उठले आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा पोरगी घाबरून बसली होती. तिला वाटलं, आपण काहीतरी भलतंच विचारलं. तिला काय सांगू की हा प्रश्न या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारायचा असतो, आणि तो माणूस मी नव्हे?

आमचा कारखाना हिंगण्याच्या एमआयडीसीत आहे. आम्ही पॅकिंग बनवतो. म्हणजे खोक्यात भरायचं नव्हे. वॉल्व्हच्या दांड्याभोवती वेटोळं करून ठासून बसवतात ती काळी, चौकोनी, विणलेली दोरी. ती नीट बसली तर वाफ आत राहते, नाही बसली तर फुसफुसत बाहेर येते. साध्या कारखान्यांना आम्ही ती किलोवर विकतो, पण अणुवीज केंद्राला तशी विकता येत नाही. तिथं आधी मुंबईच्या नियामक मंडळाला अहवाल द्यावा लागतो. दोरी कशाची, वरचा लेप कशाचा, किती तापवली, किती दाबली, कधी फाटली, सगळं.

मंडळापासून काही लपवायचं नसतं. पण तोच अहवाल पुढे केंद्राच्या ठेकेदारांकडे जातो, त्यांच्या फिटरांकडे जातो, कुणी माहितीच्या अधिकारात मागितला तर त्याच्याकडेही जाऊ शकतो. त्यात लेपाची कृती उघडी दिसली तर वर्षभरात शेजारच्याच प्लॉटवर दुसरा कारखाना उभा राहील. म्हणून अहवालाच्या दोन प्रती निघतात. मंडळासाठी पूर्ण प्रत, तिच्यात गुपित शब्दांना चौकोनी कंस घातलेले. बाकी जगासाठी कोरी प्रत, तिच्यात कंस तेवढे असतात, आत काही नसतं. आणि सोबत एक शपथपत्र, की कंसातला मजकूर खरोखरच आमच्या धंद्याचं गुपित आहे आणि कंसातला शब्द न् शब्द मी स्वतः तपासला आहे.

त्या शपथपत्रातला 'मी' म्हणजे मनोहर धकाते. आम्ही सगळे त्यांना धकाते काका म्हणायचो आणि मागे कंसमामा. त्यांना ते माहीत होतं. "म्हना, म्हना," म्हणायचे, "मी कोनाले मारलं तर नाही नं."

बुटका, सुकलेला माणूस. उन्हाळा असो की हिवाळा, अर्ध्या बाह्यांचा पांढुरका बुशशर्ट. चष्म्याला दोरी, ती त्यांनीच विणलेली, आठ पदरांची. घराणं खाप्याचं, कोष्ट्याचं. बापाचा हातमाग बंद पडला तेव्हा हे विशीच्या आत नागपूरला आले आणि आमच्या विणायच्या मशीनवर लागले. मोठ्या साहेबांनी विचारलं होतं म्हणे, असली मशीन कधी पाहिली आहे का? तर म्हणाले, "मशीन नाही पाह्यली साहेब, पन धागा तं धागाच असते." मशीनवरून ते लेपाच्या खोलीत गेले, तिथून चाचणीला, आणि शेवटी कागदपत्रांत. शिक्षण दहावी. इंग्रजी बोटानं वाचायचे, एकेक शब्द दाबून. पण त्या लेपात काय आहे हे जगात चार माणसांना ठाऊक होतं आणि त्यातले एक हे. त्यामुळे काय झाकायचं ते ठरवणं त्यांच्याकडे आलं.

त्यांचं वाचणं ऐकण्यासारखं असायचं. बोट ओळीवरून सरकायचं आणि कंस आला की मोठ्यानं "उघडला". आतले शब्द मनात. मग "मिटला". दुपारच्या वेळी रेकॉर्ड रूममधून नुसतं "उघडला, मिटला, उघडला, मिटला" ऐकू यायचं. नवख्याला वाटायचं की आत कुणी दाराशी खेळतंय.

मी इंजिनिअरिंग करून तिथं लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढे कोऱ्या प्रतीचं एक पान ठेवलं. वाक्य असं काहीसं होतं, की लेप इतक्या अंशांवर सुकवावा, आणि आकड्याच्या जागी फट.

"सांग, इथं काय होतं?"

"मला कसं कळणार, काका?"

"अवं, फट पाह्य नं."

मी पाहिलं. एका फटीत तीन अंक बसतील एवढी जागा होती, खालच्या ओळीत दोन अंकांची. म्हणजे एक आकडा शंभराच्या वर, दुसरा खाली.

"पाह्यलं? काही सांगतलं नाही आन् अर्धं सांगून झालं. हे पान माह्या आधीच्यानं केलं होतं."

तेव्हापासूनच्या आमच्या प्रत्येक कोऱ्या प्रतीत सगळ्या फटी सारख्या असतात. आत एक अंक असो, एक शब्द असो की अख्खं वाक्य, फट धकाते काकांच्या अंगठ्याएवढी. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून अंगठ्याच्या मापाच्या पट्ट्या कापून त्यांनी चिवड्याच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या. पानावर पट्टी ठेवायची, झेरॉक्स काढायची, मग वरची-खालची ओळ कापून जवळ आणून चिकटवायची. कॉम्प्युटर आल्यावर हे सगळं एका बटणात होऊ लागलं, माप मात्र तेच राहिलं. डबाही राहिला.

आणखी दोन नियम होते. आमच्या फाईलीत राहणारं पान ज्यानं छापलं त्यानं त्याच्या पाठीमागे पेन्सिलीनं आपली आद्याक्षरं टाकायची. पेन नाही, कारण शाई पुढं उमटते. आणि रेकॉर्ड रूममधला कागद बाहेर न्यायचा नाही. हा दुसरा नियम त्यांनी स्वतःवर इतका लावून घेतला होता की रोज संध्याकाळी गेटवर थांबून ते स्वतःच आपली पिशवी वॉचमनपुढे ओतायचे. डबा, रुमाल, वर्तमानपत्र. वॉचमन कानकोंडा व्हायचा. "काका, राहू द्या नं, तुमची काय झडती घ्याची?" तर म्हणायचे, "माही नाही घेतली तं बाकीच्याईची कोन्या तोंडानं घेशीन?"

कोरी प्रत तयार झाली की मात्र ती साहेबांना सांगून खुशाल गेटबाहेर चहाच्या टपरीवर न्यायचे. तिच्यात गुपित काही नव्हतंच. टपरीवर एमआयडीसीतले फिटर बसलेले असायचे. त्यातल्या एखाद्याला धरून पॅकिंग बसवायची पानं वाचून दाखवायची, इंग्रजीचं आपल्या बोलीत करून. "समजलं का गा? बसवता येईन?" एकदा एक जण म्हणाला, "काका, समजलं सारं, पन हे कागदाले भोकं काहून पडले?" काका खूश. "भोकं दिसले नं तुले? पन काम अडलं का? नाही नं? मंग झालं." फिटरचं काम अडलं तर ते परत येऊन वाक्य नव्यानं लिहायचे. त्यांचं म्हणणं, झाकणं कुणालाही जमतं, झाकून उरलेलं कामाचं राहिलं पाहिजे.

एकदा मला घरी जेवायला बोलावलं. तेव्हा ते नागपूरच्या महाल भागात दोन खोल्यांत राहायचे. काकूंनी सावजी मटण केलं होतं, काळपट लाल, वर तर्रीचा बोटभर थर. मी अकोल्याकडची, मला वाटलं आपल्याला कसलं तिखट लागतंय. काकांनी ताटावर हात आडवा धरला. "थांब वं. हे तिखट हाय. पहिले भाकर खा, मंग रस्सा." ऐकलं म्हणून वाचले. डोळ्यांतून पाणी काढत मी काकूंना विचारलं, मसाल्यात काय काय घालता? काकू पदरानं तोंड झाकून हसल्या. "माह्या सासूनं मले सात वर्सांनी सांगतलं, तुले आजच सांगू?"

काका हात धुवून आले आणि म्हणाले, "पाह्य, मसाल्यात काय हाय थे नाही सांगाचं. थे घरचं. पन तिखट हाय हे नाही सांगतलं, तं पाहुना मरन नं वं! तेवढंच हाय आपलं काम. कागदावर बी तेवढंच हाय."

त्या वेळी मी हसले. छान बोलतात काका, असं वाटलं. नुसतं छान बोलतात असं वाटणाऱ्यांतली मी.

त्यांचा हट्टही तितकाच होता. मोठे साहेब गेल्यावर छोटे साहेब कारभार पाहू लागले. त्यांची इच्छा अशी, की जेवढं झाकता येईल तेवढं झाकावं. एकदा ते म्हणाले, विणीची पद्धतही कंसात घाला. काका म्हणाले, "नाही जमत." का? "मागच्या प्रदर्शनात तुमीच स्टॉलवर उभे राहून लोकाईले थे वीन दाखवून राहिले होते. चहा बी पाजला. सांगून झालेलं गुपित नसते साहेब, थे गप्पा असते. त्याच्यावर मी शपथ घेत नाही." छोटे साहेब दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. काकांनी ते मनावर घेतलं नाही. रेकॉर्ड रूममध्ये आपलं "उघडला, मिटला" सुरू.

आता ते सांगायलाच हवं.

मला तिथं सहा वर्षं झाली होती. नव्या लेपाचा अहवाल मंडळाकडे जायचा होता. त्यात एक्केचाळिसाव्या पानावर एक परिच्छेद होता. पॅकिंग बसवल्यावर पहिल्यांदा तापते तेव्हा लेपातल्या अमक्या घटकामुळे धूर निघतो, त्याचा रंग असा, वास असा. तो छातीला वाईट. बंद जागेत काम करू नये, हवा खेळती ठेवावी, नाकातोंडावर मास्क लावावा. काकांनी घटकाच्या नावाला कंस घातला होता, बाकी सगळं उघडं. सकाळी आम्ही दोघांनी ते पान वाचलं, त्यांनी नोटरीपुढे शपथपत्रावर सही केली आणि दुपारी ते खाप्याला गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. जाताना म्हणाले, "शेवटची प्रिंट तू काढजो. पाच वाजता कुरिअर येते."

चार वाजता छोटे साहेब माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हा धुराचा पॅरा आत घ्या. रंग, वास लिहिलाय. कोणीही केमिस्ट वाचून सांगेल, आत काय आहे ते."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेही सांगते. रंग आणि वास खरंच चुगली करणारे होते. काका असते तर अर्ध्या तासात त्यांनी ते वाक्य मोडून पुन्हा बांधलं असतं. रंग आत, वास आत, आणि धूर, छाती, मास्क बाहेर.

मी म्हटलं, "काकांना फोन करून विचारते."

"तुम्ही इंजिनिअर आहात ना? दहावी शिकलेल्या माणसाला किती दिवस विचारणार?"

हे वाक्य मला लागलं. खोटं कशाला बोलू, लागलं म्हणण्यापेक्षा आवडलं. सहा वर्षं मी त्यांच्या बोटामागे वाचत होते आणि कुठंतरी त्याचा कंटाळा आला होता. शिवाय कागदपत्रांच्या विभागाला एक अधिकारी नेमायचा होता, ते माझ्या मनात होतं. मी स्वतःशी म्हटलं, लग्नघरात कशाला त्रास द्यायचा? आणि मिटणारा कंस उचलून चार ओळी खाली ठेवला. एवढंच केलं मी. एक कळ दाबून एक खूण हलवली. छापलं, सवयीनं पाठीमागे पेन्सिल टेकवली, आणि पाचच्या कुरिअरनं फाईल गेली.

कोऱ्या प्रतीत त्या चार ओळींच्या जागी काय दिसत होतं? अंगठ्याएवढी एक फट. बाकीच्या पन्नास फटींसारखीच. काकांच्याच नियमानं माझी करणी झाकली. टपरीवर कुणीही वाचलं असतं तरी कळलं नसतं की इथून एक अख्खी सूचना गेली आहे. बसवणाऱ्या माणसाला ती पॅकिंग बसवता येत होती, काम अडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खाप्याला लग्नाला गेले. काका धोतर सावरत पंगतीतून फिरत होते. माझ्या पानाशी येऊन त्यांनी विचारलं, "गेली का फाईल?"

"गेली."

"बेस झालं," म्हणाले आणि माझ्या पानात आणखी एक बुंदीचा लाडू ठेवला.

दोन वर्षं काही झालं नाही. मग एक दिवस मंडळाचं पत्र आलं. एका माणसानं माहितीच्या अधिकारात आमच्या अहवालातला कंसातला मजकूर मागितला आहे, तुमची काही हरकत असल्यास दहा दिवसांत कळवा. सोबत त्याच्या अर्जाची प्रत. तो कामठीचा एक फिटर. ठेकेदाराकडून दुसऱ्या राज्यातल्या केंद्रावर कामाला गेलेला. एका बंद खोलीत त्यानं आमची पॅकिंग बसवली होती. तापवून पाहताना धूर निघाला. किरणोत्साराचा त्यात काही संबंध नव्हता, साधा धूर. पण तेव्हापासून त्याची छाती भरलेली ती भरलेलीच. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की धूर निघतो हे कंपनीला ठाऊक होतं का?

काका म्हणाले, "असं कसं? थे तं आपन उघडं लिहिलं होतं." आम्ही रेकॉर्ड रूममध्ये गेलो. त्यांनी पूर्ण प्रत काढली, एक्केचाळिसावं पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"उघडला," ते म्हणाले.

बोट सरकत राहिलं. पहिली ओळ संपली. दुसरी. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं, परत मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. चौथ्या ओळीच्या शेवटी त्यांनी "मिटला" म्हटलं ते मला जेमतेम ऐकू आलं.

"हा मी मिटवला नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मृणालबाई, हे कसं झालं?"

ते मला एरवी 'वं' म्हणायचे, नाहीतर 'पोट्टी'. मी म्हणाले, "मला आठवत नाही, काका."

त्यांनी पान उलटून पाठीमागे पाहिलं, परत सरळ केलं. "बरं," म्हणाले. फाईल मिटवली. त्या विषयावर त्यांनी मला पुन्हा कधी एक अक्षर विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चाल, त्या मानसाले भेटून येऊ." तो रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात तपासणीला आला होता. काकांनी अर्जावरचा नंबर फिरवून शोधून काढलं होतं. कॉरिडॉरच्या बाकावर तो बसला होता, माझ्याच वयाचा, मांडीवर एक्स-रेचा मोठा लिफाफा. बोलताना दर दोन वाक्यांनी थांबत होता. काकांनी सांगितलं, आम्ही पॅकिंगच्या कंपनीतले. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमची गोष्ट तुमी झाका, माही ना नाही. पन आमाले खोकला होईन, हे बी काय गुपित होतं?"

काकांनी हात जोडले. "सही माही हाय. चूक माही हाय."

त्याच्याकरता घेतलेली मोसंबी माझ्या हातात होती. पिशवीचा बंद बोटात रुतत होता. मी दोन पावलांवर उभी होते, ऐकत होते, आणि एक शब्द बोलले नाही. त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. मुलगा लहान होता, घराचे हप्ते होते, सांगून त्याची छाती काही बरी होणार नव्हती. त्यातलं एकही कारण त्या कॉरिडॉरमध्ये मला सुचलं नव्हतं. तिथं मला फक्त भीती वाटली होती.

काकांनी मंडळाला नवं शपथपत्र पाठवलं. मी ते टाईप केलं, त्यांनी सांगितलं तसं. आधीच्या अहवालात कंस चुकीच्या जागी मिटला आहे, शपथ माझी होती म्हणून दोष माझा आहे, धुराची सूचना हे गुपित नाही आणि ते कधीही नव्हतं. आणि खाली तो परिच्छेद नव्यानं बांधलेला. रंग आत, वास आत, माणसाच्या कामाचं सगळं बाहेर. तो फिटरला मिळाला, सगळ्या केंद्रांना गेला. आज आमच्या प्रत्येक खोक्यात मास्कचं चित्र असलेली चिठ्ठी असते, ती तिथून आली.

छोटे साहेब भडकले. मंडळानं फेरतपासणी लावली, ऑर्डर अडकली. "आत घ्या" असं आपणच म्हटलं होतं, हे त्यांना आठवत नव्हतं, आणि आठवण करून देऊ शकेल अशी मी एकटीच होते. साहेबांनी फाईल मागवली, तर एक्केचाळिसावं पान जागेवर नाही. मग काय, बोंब झाली. यांनी चूक केली ती केली, वर पुरावाही नाहीसा केला! कागद बाहेर जाऊ नये म्हणून जन्मभर स्वतःची पिशवी ओतणारा माणूस, त्याच्यावर कागद चोरल्याचा आळ. काका काही बोलले नाहीत. मला त्या पानाचं कोडं पडलं होतं, पण खरं सांगायचं तर कोडं सोडवायची मला घाई नव्हती. पान नाही म्हटल्यावर मला रात्री झोप लागली.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना त्यांना घरी बसवलं. शेवटच्या दिवशीही गेटवर थांबून त्यांनी पिशवी ओतली. डबा, रुमाल, वर्तमानपत्र. वॉचमन रडला. महिन्याभरात मला त्यांची खुर्ची मिळाली, चिवड्याच्या डब्यासकट.

मागच्या हिवाळ्यात मी खाप्याला गेले. कितीतरी वर्षांनी. सांगून टाकायचं, असं ठरवून गेले होते. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. काका अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. चष्म्याची दोरी तीच. मला पाहून ओरडले, "अवं, पोट्टी आली!" काकूंनी जेवायला वाढलं. या वेळी त्या आपणहून म्हणाल्या, "तिखट हाय बरं बाई."

जेवण झालं. मी म्हटलं, "काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"थांब," म्हणाले. आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक कागद. उलगडायची गरज नव्हती. एक्केचाळीस नंबरचं पान. पाठीमागे पेन्सिलीनं माझी आद्याक्षरं.

"सदऱ्याच्या आत घालून आनलं," ते म्हणाले. "पिशवी ओतली, सदरा थोडीच ओतते कोनी. जल्मात एक कागद चोरला मी. थे बी मंडळाले दाखवाच्या फाईलीतला."

"काका, तुम्ही माझ्यासाठी..."

"थे जाऊ दे वं. पोट्टं लहान होतं तुहं." मग कागदावरून हात फिरवला. "पन फाईल अपुरी राह्यली माह्यामुळं. थे मले डाचते. चाळीस नंतर एकदम बेचाळीस. कोनी उघडून पाह्यलं तं काय म्हनन? तू आता तिथंच असते, खुर्ची तुही हाय. हे जागेवर लावून दे."

मी मान हलवली.

"आन् मागची पेन्सिल खोडू नोको. रेकॉर्ड हाय थे."

म्हणजे मी काय लावणार आहे ते त्यांना पुरतं माहीत होतं. मी पाठ केलेलं वाक्य बोलायची वेळ कधीच टळून गेली होती. त्यांना ते ऐकायचं नव्हतं, त्यांना ते फाईलीत हवं होतं.

बसस्टँडपर्यंत ते सोबत आले, काठी टेकत, दोनदा थांबून. मी खिडकीत बसले. बस निघाली तसे ते दोन पावलं सोबत चालले आणि खिडकीच्या गजाला धरून त्यांनी विचारलं, "लावशीन नं?"

"लावते, काका."

गजावरचा हात सुटला. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उभे होते, काठी बगलेत, आणि रिकाम्या झालेल्या सदऱ्यावरून एक हात फिरवत होते, आता झडती द्यायला हरकत नाही अशा समाधानानं. तेच शेवटचं दर्शन. उन्हाळ्यात ते गेले.

मी त्यांच्याशी दोनदा खोटं बोलले. एकदा "आठवत नाही" म्हणून, आणि एकदा "लावते" म्हणून. पान माझ्या कपाटात आहे, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. पेन्सिल मी खोडलेली नाही. पण ती आपोआप पुसट होत चालली आहे, आणि मधूनमधून मी पिशवी काढून ती किती पुसट झाली ते पाहते.